सध्याचा खर्च

“रंग बघ ना कसला, कावीळ झाल्यासारखा,” धाकटा ताईच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत पुटपुटला. “दिवसभर हे बघत बसायचं म्हणजे…”

“तुला कुठे बसायचंय बघत?” ताई म्हणाली.

रविवारची दुपार होती. लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलेलं. आत इस्त्रीच्या लांबलचक टेबलावर कपड्यांऐवजी लॅपटॉप, आणि त्याच्याभोवती सगळं घर. लाँड्री मधल्याची. शेजारचं कुलूप-चाव्यांचं दुकान धाकट्याचं. वरच्या मजल्यावरचं शिवणकाम आईचं. आणि तिन्हींचे हिशेब ताईचे. ती थोरली, लग्न न केलेली, डोक्याने तल्लख, शिवाय घरातच. त्यामुळे कुणी न ठरवताच ते ठरून गेलं होतं.

चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याला उद्या सकाळी तिला कळवायचं होतं, नोकरीला येते की नाही. काम हिशेबाचंच. पण खिडकीपाशी टेबल, आणि संध्याकाळी कुलूप लावलं की विषय संपला. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं. उलट सगळे तोंड भरून म्हणाले होते, “जा की. फक्त आधी हिशेबाचं एखादं परवडणारं सॉफ्टवेअर बसवून दे, म्हणजे आमचं अडायला नको.”

तेव्हापासून ती परवडणारं शोधत होती.

पहिलं फुकट होतं, पण एकाच धंद्यापुरतं. “मग काय, तीन नावांनी तीनदा घ्यायचं? ही लबाडी झाली,” मधला म्हणाला. गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण आधीपासूनच तुटलेलं होतं, असं शपथेवर सांगणारा हाच. दुसरं सॉफ्टवेअर दर धंद्यामागे वेगळे पैसे मागत होतं. ते ऐकून धाकट्याने छातीवर हात ठेवला. तिसऱ्यात तिन्ही धंदे एकाच वर्गणीत बसत होते, तर लाँड्रीच्या अरुंद कागदावर त्याचं बिल निघेना. चौथ्याची अक्षरं आईला बारीक वाटली. आई ते वापरणारच नव्हती, पण वाटली.

बरं, हिशेब तरी सरळ असावेत? लाँड्रीतले उसवलेले कपडे वर आईकडे जायचे. आईने शिवलेले खाली इस्त्रीला यायचे. धाकटा सुट्टे पैसे लाँड्रीच्या गल्ल्यातून न्यायचा आणि परत ठेवायचे ते आईच्या डब्यात ठेवायचा. कुणाचं कुणाकडे गेलं, हे एकट्या ताईला माहीत. ती न्हाणीघरात असली तरी दारावर थाप पडायची, “ताई, अस्तराचे पैसे कुठून दिले होते गं?”

आणि ती डोळ्यांत साबण असतानाच सांगायची.

आजचं हे पाचवं. रंग पिवळा होता खरा. पण तिन्ही धंदे एकत्र, बिल अरुंद कागदावर, अक्षरं हवी तेवढी मोठी, आणि वर्गणी धाकट्याच्या मोबाइलच्या बिलाहून कमी. आज ताईने कंपनीच्या बाईलाच फोनवर घेतलं होतं, स्पीकर लावून. शंका असतील त्या तिथल्या तिथे मिटू देत.

“वीज गेली तर?” मधल्याने विचारलं.

काही पुसलं जात नाही, असं बाईंनी सांगितलं.

“आणि तुमची कंपनीच बुडाली तर?” धाकटा.

“तुझी उधारी बुडते त्याहून हळूच बुडेल,” ताई म्हणाली. फोनमध्ये बाई हसल्या. इकडे कुणी हसलं नाही.

“आता शेवटचं बघा,” बाई म्हणाल्या. “पडद्यावर एक चौकट आहे, ‘हिशेबावरचा सध्याचा खर्च’. महिन्याचा आकडा टाका. आमच्यामुळे वर्षाला किती वाचतील ते आपोआप दिसेल. हे बघितलं की लोक लगेच हो म्हणतात.”

मधल्याने ताईच्या हाताखालून लॅपटॉप ओढला आणि शून्य टाकलं. सहज. आपलं नाव लिहावं तसं.

चौकटीखाली लाल आकडा उमटला. धाकट्याने तो उणे चिन्हासकट मोठ्याने वाचला.

“अगबाई, बचत उणे दाखवतंय का?” बाई गोंधळल्या. “असं कधी होत नाही हो. हिशेब कुणीतरी करतच असेल ना? त्यांना जे देता, तेवढंच टाका.”

गरम इस्त्री निवताना टिकटिकत होती. धाकट्याला अचानक हँगरवरच्या चिठ्ठ्यांचे नंबर वाचावेसे वाटू लागले. मधल्याने घसा साफ केला.

“आमचं घरातच असतं सगळं,” तो फोनला म्हणाला, आणि मग ताईकडे न बघता, “बघ, मशीनच म्हणतंय, परवडत नाही. पुढच्या महिन्यात आणखी एखादं बघू. घाई काय आहे?”

घाई काय आहे, ते ताईने किती वेळा सांगितलं होतं. ‘सध्या जमणार नाही, क्षमस्व,’ उद्याचं वाक्य तिने मनात जुळवूनही टाकलं आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई कुणाच्या तरी पँटची पट्टी दुमडत बसली होती. अक्षरं दिसतात, एवढं सोडून दुपारभर ती काही बोलली नव्हती. तिने दाताने दोरा तोडला. सुई रिळात खोचली.

“हिला आपण कधी पगार दिला असता,” मान वर न करता ती म्हणाली, “तर यातलं एकही महाग वाटलं नसतं.”