प्रतिराज्यातला पूर

विरोधी पक्षाचं छाया मंत्रिमंडळ संगणकातल्या प्रतिराज्याचा कारभार चालवी. तिथे प्रत्येक मतदाराची हुबेहूब, जिवंत प्रतिकृती नांदत होती आणि खरे मतदार टीव्हीवर तिचं बरंवाईट पाहत. जलसंपदा खातं चोख सांभाळणाऱ्या शाल्मलीताई खेर्डेकरांना काढून पक्षाध्यक्षांनी तिथे आपला जावई बसवला. महिन्याभरातच त्याने धरण काठोकाठ भरू दिलं आणि प्रतिराज्यात पूर आला.

अध्यक्षांचा फोन आला. “ताई, कोणते दरवाजे उघडायचे? सगळे बघताहेत हो!”

“जावईबापूंना विचारा की, साहेब.”

फोन ठेवताना सूड उगवल्याच्या समाधानाने ताईंचं काळीज थंड झालं. पण टीव्हीच्या पडद्यावर पाणी आता त्यांच्याच गल्लीत शिरलं होतं. त्यांच्याच घराच्या छपरावरून त्यांची प्रतिकृती जिवाच्या आकांताने हाका मारत होती.

फोन पुन्हा वाजला. ताई छपरावरच्या प्रतिकृतीकडे बघत राहिल्या. फोन त्यांनी उचलला नाही.