अलिबीचं पथ्य

माझा नऊ वर्षांचा भाऊ अलिबी कुस्तीच्या सरावात सारखा छाती धरून बसायचा. "बहाणेबाज!" असं मीसुद्धा त्याला चिडवलं होतं. शेवटी तोलेगेन डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. पोटातलं आम्ल घशाशी येतंय. सकाळी उपाशीपोटी औषध, थोडं थोडं खाणं, आणि मेंढीची चरबी बंद. कुणीही भरवली तरी 'नको' म्हणायचं. आजोबांनी भरवली तरी!"

झाली ना पंचाईत! आमचे आजोबा दर रविवारी बेशबारमाकमधला, म्हणजे मेंढीच्या मटणाच्या पदार्थातला, सगळ्यात चरबीदार घास स्वतःच्या हातानं नातवाच्या तोंडात भरवतात. मोठ्यांच्या हातचा घास नाकारायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. अलिबीनं मात्र सलग सहा रविवार तोंड घट्ट मिटून ठेवलं. आजोबा त्याच्याशी बोलेनासे झाले, पण जळजळ थांबली आणि परवा पठ्ठ्यानं चक्क कुस्ती मारली!

मग आईनं आभार मानायला डॉक्टरांनाच जेवायला बोलावलं. मानाचे पाहुणे ते, म्हणून घास भरवायचा मानही त्यांचा. त्यांनी मूठभर चरबी उचलली आणि सगळ्यात लहान म्हणून आधी अलिबीच्या तोंडापुढे धरली. आजोबा डोळे बारीक करून बघत होते.

"मला डॉक्टरांनी मनाई केलीय," अलिबी कसाबसा म्हणाला.

"कुठल्या डॉक्टरानं?" तोलेगेन डॉक्टर तापले. "पोरांना मोठ्यांचा घास नाकारायला शिकवतो म्हणजे काय! आ कर."