कुमुदताईंची फायरवॉल

"आई, सरदेशमुखकाकांबरोबर हम्पीला जायचं ठरवलंयस?" कॅनडातून मुलाने फोनवर दरडावून विचारलं. कुमुदताई चपापल्या. हे त्यांनी फक्त आपल्या मित्राला, सरदेशमुखांना, ईमेलमध्ये लिहिलं होतं.

मागच्या सुट्टीत मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर 'सुरक्षिततेसाठी' एक प्रोग्रॅम टाकला होता. तोच आपला शब्दन् शब्द त्याला पोचवतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. कुमुदताईंच्या अंगाची लाही लाही झाली. फोन ठेवून त्यांनी फायरवॉल उघडली, तो प्रोग्रॅम शोधला आणि त्याची इंटरनेटची वाट कायमची बंद केली.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. "आई, तुझा लॅपटॉप मला दिसत नाहीये!"

"मीच अडवलंय. मला दिसतोय, तेवढं पुरे."

"अगं, काळजीपोटीच केलं ना!"

"काळजी वाटली तर विचार. सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."