एक्केचाळिसावी

“चाळीस झाल्या ना, मॅडम? मग पुरे. अहवाल पाठवून द्या वर,” अपघात विभागाची सिस्टर आठवड्यापूर्वीच म्हणाली होती. “वाट बघत बसाल, नि एखादी जिवानिशी जाईल.”

जखमी बायकांच्या पाहणीचे आकडे मांडणाऱ्या आकडेवालीनं नकारार्थी मान हलवली होती. तिचा तक्ता साधा होता. जखमी बाईला कोणी आणलं, नवऱ्यानं की दुसऱ्या कुणी. आणि तिनं कारण काय सांगितलं, ‘पडले’ की आणखी काही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसता, तर कुठल्या चौकटीत किती बायका आल्या असत्या, तेही तिनं काढलं होतं. एका चौकटीत ४.८८ येत होतं. पाचाच्या खाली काय-स्क्वेअर, म्हणजे संबंध खरा की योगायोग ते सांगणारी चाचणी, भरवशाची धरत नाहीत.

“उद्या कुणी बोट ठेवलं तर सगळंच बाद, सिस्टर. अजून एक येऊ दे.”

आज एक आली. मनगट सुजलेलं, ओठ फाटलेला. मागे नवरा.

“काय झालं, बाई?” आकडेवालीनं फॉर्म पुढे ओढत विचारलं.

“पडली,” नवरा म्हणाला.

“तिला तोंड आहे ना? तुम्ही बाहेर थांबा.”

तो बाहेर गेला नाही. त्यानं बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. “सांग की त्यांना. मुकी झालीस?”

“पडले,” ती म्हणाली. रक्त फॉर्मवर ठिबकत होतं.

सिस्टर मध्ये घुसली, तशी त्यानं तिला कपाटावर भिरकावली. रखवालदार धावत येईपर्यंत तो बायकोला त्याच सुजल्या मनगटाला धरून फरफटत रस्त्यापलीकडे घेऊन गेला होता. केसपेपर निघालाच नव्हता.

सिस्टर कोपर धरून उठली. “पत्ता? तुमच्या फॉर्मवर असेल.”

“नाही. नाव-पत्ता विचारायचा नाही, असं मीच ठरवलं होतं. बायका मोकळेपणी बोलतील म्हणून.”

“बोलली की मोकळेपणी.”

आकडेवालीनं ओळ भरली. नवरा. पडले. चौकटीत आता ५.०७. चाचणीचं उत्तर ७.८५, योगायोगाची मर्यादा ३.८४. संबंध होता. कालही होताच.

ती आत्ता कुठलातरी जिना चढत असेल. कपाळ फुटलेलं, मनगट सुजलेलं. जिना तुमचा असेल, तर दार वाजवा. त्यानं उघडलं आणि ‘झोपलीय’ म्हणाला, तर तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली उतरू नका.