लेबलं काढा

"प्लास्टिकची बाटली बंद. घरून काचेची आणा," असा बोर्ड आरोग्य केंद्राबाहेर लागला आणि दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाची रांग देशी दारूच्या दुकानासारखी दिसू लागली. गावात काचेची बाटली म्हणजे क्वार्टरच.

सरकारच्या 'हरित दवाखाना' योजनेसाठी फोटो काढायला आलेले साहेब वैतागले. "निदान लेबलं तरी काढा." सिस्टरनी सगळ्या बाटल्या बादलीत भिजवून लख्ख केल्या. फोटो झकास आला.

आठवड्याने कोंडाबाई आल्या. दारूपायी नवऱ्याशी जन्मभर भांडलेल्या.

"डॉक्टर, एका बाटलीत तुमचं औषध, दुसरीत मालकांची हातभट्टी. लेबल नाही, ओळखायचं कसं? तुमचं ते प्यायले, त्यांचं मी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मग?"

"मालक गुमान झोपले. माझा खोकला गेला." त्यांनी बाटली पुढे केली. "त्यांना तुमचंच चालू ठेवा. माझं मी बघते."