वरच्या खोलीतली रेंज

"जरा नीट धरा बाबा, शिडी हलतेय."

"धरलीय रे. तू पड, मी झेलतो," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

जिन्याच्या भिंतीवर वायर ठोकत ठोकत तो वर सरकत होता. बाबा क्लिपांची पिशवी घेऊन एकेक क्लिप पुढे करत होते. आपल्यासाठी कुणी काही करतंय याचा म्हाताऱ्या माणसाला केवढा आनंद! तो आनंद दिसू नये म्हणून तो खाली बघायचंच टाळत होता.

कारण बाबांसाठी म्हणून जे चाललं होतं, ते बाबांसाठी नव्हतंच.

आई गेल्यापासून बाबा वरच्या खोलीत एकटे राहायचे. तिथे वायफायची रेंज येत नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून जेवण झालं की फोन घेऊन ते खाली यायचे आणि हॉलमध्ये राउटरजवळच्या खुर्चीत ठाण मांडायचे. तिथून ताईला व्हिडिओ कॉल लावायचे, तोही असा खणखणीत की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. आणि त्याच हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर, याचं ऑफिस.

गेल्या आठवड्यात तर कहरच झाला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "काम कुठवर आलं?" हा तोंड उघडणार एवढ्यात मागून बाबांनीच उत्तर दिलं, "अहो, कसलं काम, तो सकाळपासून नुसता चहा पितोय!"

सगळे हसले, साहेब सोडून. मीटिंग संपली तसा तो बाजारात गेला आणि वर लावायला वायफायचं दुसरं डबडं घेऊन आला.

"बाबांची वर सोय करून देतोय," तो बायकोला म्हणाला.

"सोय कुणाची?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तरी त्याला झोंबलं. तो उगाचच तिच्यावर खेकसला.

खाली राउटरशेजारी बसून त्यानं त्या डबड्याचं सेटिंग करून घेतलं. बाबांना पुन्हा काही टाकत बसावं लागू नये म्हणून नाव खालचंच दिलं, पासवर्डही खालचाच. आपल्या या समजूतदारपणाचं त्याला जरा बरंही वाटलं. मग वायर वर नेली आणि डबडं घेऊन तो खोलीत शिरला.

किती दिवसांनी तो या खोलीत आला होता, त्याचं त्यालाच आठवेना. सगळं जागच्या जागी होतं. एकुलत्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले. म्हणजे इथं कुणी बसतच नव्हतं.

"सॉकेट कुठला घेऊ? हा कपाटामागचा?"

"लाव की तिथंच. कुणाला दिसणारही नाही," बाबा म्हणाले.

त्यानं कपाटामागच्या फटीत हात घातला, चाचपडत प्लग खोचला, बटण दाबलं आणि वायर जोडून डबडं आत सरकवून दिलं. त्याचा स्वतःचा फोन खाली चार्जिंगला होता. "बघा बरं आता तुमच्या फोनवर."

बाबांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि बराच वेळ फोनकडे बघत राहिले. त्याला वाटलं, काहीतरी चुकलंच. पण मग बाबांनी फोन त्याच्यापुढे धरला. वायफायची रेंज फुल्ल होती.

ताईला कॉल लावला तर तो पटकन लागलाही. तिचा चेहरा काचेसारखा स्वच्छ दिसत होता.

"बघ गं, तुझ्या भावानं माझ्यासाठी वायफाय वर आणून दिलं. सकाळपासून शिडीवर चढलाय बिचारा."

"गुणाचं बाळ ते!" ताई म्हणाली.

गुणाच्या बाळाला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. एकदा त्याच्या ओठांवर आलंही, की बाबा, खरं सांगू का? पण धीर झाला नाही.

"झकास काम झालं," फोन ठेवून बाबा म्हणाले. "आता खाली यायचं काही कारणच उरलं नाही."

"असं काय बाबा! या की खाली कधीही."

"हो तर. जेवायला येईनच."

या की कधीही! आपल्याच घरात बापाला पाहुण्यासारखं आमंत्रण दिलं आपण. जिना उतरताना त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग निर्विघ्न पार पडली. मागून कुणी खोकलं नाही, कुणी त्याच्या वतीनं उत्तरं दिली नाहीत. साहेबांनी चक्क कौतुक केलं. त्याचं मात्र अर्धं लक्ष त्या रिकाम्या खुर्चीकडे होतं. बाबा जेवायला आले होते. जेवले, आपलं ताट उचलून ठेवलं आणि वर निघून गेले.

संध्याकाळी बायको कामावरून आली.

"बाबा कुठायत?"

"वर. ताईशी बोलतायत. रेंज मस्त येतेय आता."

"सकाळी त्यांच्या चादरी बदलायला गेले होते मी. तुझं ते डबडं काही दिसलं नाही. लावलंयस कुठे?"

"कपाटामागच्या सॉकेटला."

चप्पल काढता काढता ती थांबली. "कुठल्या? अरे, भिंतीला ओल आली तेव्हाच वायरमननं त्याची वायर तोडून टाकलीय. बाबांनीच उभं राहून करून घेतलं सगळं. तू तेव्हा दौऱ्यावर होतास."

तो उठून राउटरपाशी गेला आणि वर जाणारी वायर त्यानं उपटून काढली.

वरून बाबांचा खणखणीत आवाज येत होता. ताईशी चाललेलं त्यांचं बोलणं एका शब्दानंही अडखळलं नाही.