कच्चा टाका

कोर्टाच्या व्हरांड्यात तीन वकील उभे होते. आईने तिघांचे कोट निरखले आणि ज्या कोटाची कोपरं झिजून चकाकत होती, मधलं काज फाटलं होतं, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काज-बटणांत तिची तीस वर्षं गेली होती. कोणता कोट रोज वापरात आहे आणि कोणता खुंटीवर, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बाई, तुम्ही इथल्याच ना?"

"रोज इथेच असते, मावशी. काय झालं?"

"लेकाला पकडलंय. काल दुपारी. वायरमन आहे तो. मुकादमाशी वाद झाला, यानं ढकललं, तो जिन्यावरून पडला. हात मोडलाय त्याचा. शेजारी म्हणतात, मोठ्या शहरातला वकील आण."

"तो येईल परवा. लेकाला हजर करणार आज." वकीलबाईंनी बाकावरच्या फायली बाजूला सारल्या. "बसा. जामीन म्हणजे काय, माहीत आहे?"

"सोडून देतात ते."

"सोडून देत नाहीत. खटला चालायचा तो चालणारच. तोवर त्याला घरी राहू देतात. पण बोलावतील त्या तारखेला तो आला पाहिजे, आणि येईल अशी हमी बाहेरच्या कुणीतरी घेतली पाहिजे. तो जामीनदार."

आईने पदराची शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे कच्चा टाका. पक्की शिलाई नंतर, पण तोवर कापड जागेवरून हलता कामा नये."

वकीलबाई हसल्या. "माझ्या गुरूंनी मला हे समजवायला आठवडा घेतला होता. घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. एकच खोली आहे."

"पुरे. जामीनदार तुम्हीच. पण एक ऐका, मावशी. साहेब विचारतील तेवढंच बोलायचं. जास्तीचं सूत सोडायचं नाही. आज जामीन नाकारला, तर चौदा दिवस आत."

चौदा दिवस. आईने पिशवी पोटाशी धरली आणि मान डोलावली.

कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता, वारा मात्र येत नव्हता. लेक कठड्यात उभा होता. कालचाच शर्ट, वरचं बटण तुटलेलं. आईचा हात नकळत पिशवीतल्या सुईदोऱ्याकडे गेला आणि माघारी आला. मायेला माप नसतं, कोर्टाचं पान मापाशिवाय हलत नाही.

वकीलबाई थोडक्यात बोलल्या. पहिलाच गुन्हा, कायमचा पत्ता, घरी आई एकटी. सरकारी वकील उठले. त्यांचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. "साहेब, आरोपी तरुण आहे, हाताला काम कुठेही मिळेल. पळून जाईल."

न्यायाधीशांनी आईला पुढे बोलावलं.

"बाई, जामीनदार तुम्ही?"

"हो, साहेब."

"हा कुठे निघून गेला तर?"

वकीलबाईंनी श्वास रोखला.

"गेलाय, साहेब," आई म्हणाली. "तीनदा."

खोलीत कुणीतरी हसलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. लेकाची मान आणखी खाली गेली. सरकारी वकील तर अर्धे उठलेच. "साहेब, बाई स्वतःच सांगतायत..."

"त्यांना सांगू द्या. कधी गेला?"

"एकदा नापास झाला म्हणून. एकदा बापाशी भांडून. तिसऱ्या वेळचं कारण त्यानं अजून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

"मग शोधून कुठून आणलंत?"

"शोधायला गेले नाही, साहेब. मागे लागलं की तो आणखी लांब जातो. लहानपणापासूनची खोड."

"मग काय केलंत?"

"दाराला कडी लावली नाही." आई जरा थांबली. इतकं बोलायचं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पण सुरू केलेली ओळ मध्येच सोडायची तिला सवय नव्हती. "पहिल्या खेपेला दोन रात्री. मग पाच. शेवटी अकरा. घरात मशीन होतं, लोकांचं कापड होतं. शेजारणी म्हणायच्या, अगं, चोर शिरेल. म्हटलं, शिरू दे. हा आला आणि दार बंद दिसलं, तर परत फिरेल."

"आणि आला?"

"तिन्ही वेळा. आपल्या पायांनी."

आता कुणी हसलं नाही. सरकारी वकील उभेच होते. "साहेब, मुद्दा इतकाच की हा पळतो."

"आणि परत येतो," न्यायाधीश म्हणाले. "मुद्दा तोही आहे."

त्यांनी कठड्याकडे पाहिलं. लेक दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती न्यायाधीशांकडेच बघत होती, अजून काही विचारतील म्हणून.

टंकलेखिकेची बोटं कळफलकावर थांबली होती. "साहेब, हे सगळं कसं लिहू?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"लिहा. जामीनदार समक्ष हजर. आरोपी तारखेला परत येईल, याची..." ते क्षणभर थांबले. "याची न्यायालयाला खात्री पटली."